कूलर बंद, काटा चालू

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, १ मिलीग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणला, क्षमता २०० ग्रॅम. तेव्हा वाटलं, झालं काम. कुठचं काय! लाकडी टेबलावर होता तेव्हा सपरीतून (पडवीतून) कोणी गेलं तरी शेवटचा आकडा नाचायचा. आता आतल्या खोलीत विटांच्या दोन थप्प्यांवर कडप्पा टाकून बसवलाय, भिंतीला न टेकवता.

नाच थांबला, पण वजन ठरेना. ५० ग्रॅमचं वजन दहादा ठेवून-उचलून पाहिलं: ४९.९९१ पासून ५०.००८ पर्यंत. चोर निघाला खिडकीतला कूलर. तो बंद केला, दारं लावली, फोटोफ्रेमच्या काचा सिलिकॉनने जोडून वर पेटी ठेवली. दहाही आकडे २ मिलीग्रॅमच्या आत! (काचच घ्या. अ‍ॅक्रिलिकवर कोरड्या हिवाळ्यात स्थिर वीज साचते, भुकटी उडून चिकटते.) मेच्या दुपारी कूलर बंद म्हणजे काय, ते आपल्याकडच्यांना सांगायला नको. म्हणून तोलणं पहाटे पाचला. माय दारातून विचारते, "काहून रे, सोनं तोलून राह्यला का?"

सोनं नाही, बोअरच्या पाण्याचा जडपणा मोजायचाय, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम. त्यासाठी ईडीटीएचं (हे दोन्ही पकडून ठेवणारं रसायन) ०.०१ मोलर, म्हणजे लिटरला ०.०१ मोल, द्रावण २५० मिली करायचं तर त्याचं डायसोडियम मीठ ०.९३१ ग्रॅम लागतं. जुन्या सोनारी काट्यावर १० मिलीग्रॅम इकडेतिकडे झाले की एक टक्का तिथेच गेला. आता त्याचा दहावा हिस्सा. मग ०.१ मिलीग्रॅमचा का नाही घेतला? माझ्या बी क्लास (कमी अचूक दर्जाच्या) फ्लास्कमध्येच ०.३ मिलीपर्यंत फरक चालतो, म्हणजे ०.१२ टक्के. आधी फ्लास्क बदलेन.

कंजूषी मात्र वजनात नडली. काटा जुळवायचं १०० ग्रॅमचं वजन स्वस्तात एम-१ या साध्या दर्जाचं घेतलं होतं. त्यात ५ मिलीग्रॅमपर्यंत चूक मान्य असते, आणि त्यावर मी १ मिलीग्रॅमचा काटा जुळवत होतो! आता एफ-१ या वरच्या दर्जाचं आहे, मर्यादा अर्धा मिलीग्रॅम. चिमट्यानेच उचलतो. लाइट जाऊन आली की काटा अर्धा तास नुसता चालू ठेवायचा, मगच जुळवायचा.

आता चिखलदऱ्याचा बेत आहे. काटा खरं तर बल मोजतो आणि उंचीवर गुरुत्व घटतं. आमचं गाव साडेतीनशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या वर. इथे जुळवलेल्या काट्याने तिथे १०० ग्रॅमला हिशोबाने पंधरा-वीस मिलीग्रॅम कमी दाखवायला हवेत. पावसाळ्यात नेतो, एसटीत मांडीवर घेऊनच बसावं लागेल.