सतरा घरांच्या मिरच्या

शुक्रवार पेठेत, पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बोळात आमची मिरची कांडपाची गिरणी आहे. मामंजींनी ती 1984 साली सुरू केली. ते अकाली गेल्यावर काही वर्षे ती भाऊबंदांच्या हातात होती आणि 1996 पासून माझ्या यजमानांनी सलग पंचवीस वर्षे ती चालवली. बाहेरच्यांना कांदा-लसूण मसाला म्हणून माहीत असलेल्या आणि कोल्हापुरात आपण नुसते ‘चटणी’ म्हणतो त्या वर्षभराच्या तिखटाचा हंगाम होळीनंतर सुरू होतो आणि मृगाच्या आत संपावा लागतो, कारण हवेत ओल आली की मिरच्या सर्दतात आणि अशा मिरच्यांची चटणी वर्षभर टिकत नाही. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा जवारी, सोबत धणे, तीळ, खसखस, खोबरे, तळलेला कांदा आणि लसूण हे जिन्नस सगळीकडे तेच असले, तरी प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते. शेजारच्या घरची चटणी आपल्या रश्श्याला चालत नाही. यजमानांकडे एक दोनशे पानी वही होती आणि तीत आमच्या गिऱ्हाइकांपैकी प्रत्येक घराचे प्रमाण त्यांच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात लिहिलेले होते.

एप्रिल 2021 च्या अखेरीस त्यांना खोकला सुरू झाला. मिरचीच्या गिरणीतल्या माणसाच्या खोकल्याकडे कोणी लक्ष देत नाही. आम्ही सगळेच हंगामभर खोकत असतो, डोळे पुसत असतो आणि गूळ-पाणी पिऊन पुन्हा कामाला लागतो. मीही त्यांना गूळ-पाणीच दिले. चार दिवस तो खोकला मिरचीचा ठसका आहे असे समजून गेले आणि पाचव्या दिवशी पहाटे त्यांना जिना चढवेना. त्यानंतर तीन ठिकाणी खाट मिळाली नाही. चौथ्या ठिकाणी मिळाली तेव्हा शरीरातला ऑक्सिजन फार खाली आला होता. सहा दिवस ते तिथे होते. मला शेवटचे दिसले ते मोबाइलच्या पडद्यावर. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हते, फक्त हात वर करून त्यांनी पंजा हलवला. तो निरोप होता की ‘पैसे भरू नका, मला घरी न्या’ असे ते सांगत होते, हे मला आजही कळलेले नाही. बिलासाठी माझा लग्नातला साज मोडला. त्याबद्दल मला काही वाटत नाही, मात्र त्या चार दिवसांबद्दल वाटते.

अंत्यसंस्कार पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी केले. आमचा मुलगा तेव्हा आठवीत होता. तो आणि त्याचे दोन चुलते लांब उभे राहिले. आपल्या गावात या शेवटच्या कामाचे पैसे घेत नाहीत, आणि होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला द्यायच्या, ही रीत लोकांनी आपणहून धरली आहे. त्याच वर्षीच्या होळीला यजमानांनी गल्लीतल्या पोरांना घेऊन हातगाडीभर शेणी तिथे पोहोचवल्या होत्या. मुलगा घरी आल्यावर एवढेच म्हणाला, “आई, शेणी आपल्याच असतील.” तो रडत नव्हता. त्याला त्या गोष्टीचा आधार वाटला होता, हे मला फार उशिरा समजले.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. 1989 साली मामंजी गेले तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. मुलगा गेला तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. त्या दिवसांत फोनवर अनेकांनी माझे सांत्वन केले. देवाची इच्छा होती, चांगली माणसे देवालाही हवीशी वाटतात, आता मुलांकडे बघून दिवस काढ. बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, याबद्दल मला शंका नाही, पण त्यातला एकही शब्द मला धरून उठता आले नाही. आत्याबाईंनी मात्र मला एकदाही समजावले नाही. आमचे घरात बंद राहण्याचे दिवस संपले, त्याच दुपारी त्या गिरणीची किल्ली घेऊन माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “सतरा घरांच्या मिरच्या पडून हायत. मिरग जवळ आला. लोकांची वर्षाची चटणी हाय ती.”

तेराव्याला थोडे नातेवाईक आले. त्यांतल्या दोघी-तिघी वडीलधाऱ्या बायकांनी हलक्या आवाजात विषय काढला, की मयत घरी आली नसल्यामुळे एक विधी राहून गेला आहे, तो आज उरकून घेऊ. माझ्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. मी उठून पाटावर बसायलाही तयार झाले होते, कारण त्या दिवसांत मला कोणी काहीही सांगितले असते तरी मी केले असते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “न्हाई. उद्या तिला मिरचीत हात घालायचा हाय. काच लागलेला चालायचा न्हाई.”

कोणी काही बोलले नाही. रूढीवर वाद घालायला त्या बायका तयार होत्या, पण मिरचीत हात घालायचा आहे या म्हणण्यावर काय बोलणार? त्या रात्री आत्याबाईंनी मला त्यांचे डावे मनगट दाखवले. आतल्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा पांढरा वण आहे. बावीस वर्षे मी त्यांच्याबरोबर भाकरी थापत होते आणि तो वण भाजल्याचा असेल असे समजत होते. 1989 साली घाटावर दगडाने बांगड्या फोडताना काच आत गेली होती. त्यानंतर सहा महिने त्यांना कोपऱ्यात बसवले, गिरणीची किल्ली भाऊबंदांनी नेली, आणि ती परत मिळवायला त्यांना सात वर्षे लागली. हे सगळे त्यांनी तांदूळ निवडता निवडता सांगितले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गिरणीत गेलो. टाळेबंदीमुळे सकाळच्या ठरावीक तासांतच दार उघडता येत होते. भिंतीकडेला पिशव्या ओळीने ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात वजन लिहिलेले होते. “मी यंत्रापाशी बसतो, तू वही वाच,” असे आत्याबाई म्हणाल्या आणि मी वही उघडून पहिल्या घराचे प्रमाण वाचू लागले: ब्याडगी दीड किलो, संकेश्वरी एक, खोबरे अर्धा, ‘लसूण जरा जास्त, सासऱ्यांना आवडतो’. अशा बारीक नोंदी पानापानावर होत्या. ‘मुलगा पुण्याला असतो, त्याच्यासाठी अर्धा किलो वेगळी, कमी तिखट.’ ‘यंदा तीळ नको, बाईंना पथ्य.’ पंचवीस वर्षांत हे गृहस्थ लोकांच्या घरांबद्दल किती जाणत होते, हे त्यांच्या बायकोला त्या दिवशी समजत होते.

यंत्र सुरू झाले, लोखंडी मुसळे उखळात पडू लागली, आणि पहिली मिरची फुटताच मला ठसका लागला. मी धावत बाहेर बोळात आले आणि भिंतीला धरून खोकत राहिले. खोकता खोकता रडू फुटले. तेरा दिवसांत मी तशी रडले नव्हते. मागून आत्याबाई आल्या. मी त्यांना म्हणाले, की हाच तर आवाज होता आणि मला तो ओळखू आला नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मलापण न्हाई आला. मी तर त्याची आई.” एवढेच बोलून त्या आत गेल्या, कारण चटणी उखळात होती.

सतरापैकी सोळा घरांची चटणी आम्ही सात जूनच्या आत पोहोचवली. सतरावी पिशवी गंगावेशीकडच्या एका आजींची होती. त्यांचा फोन लागत नव्हता आणि दाराला कुलूप होते. आत्याबाईंनी तरीही ती चटणी त्यांच्या प्रमाणाने केली, चिनी मातीच्या बरणीत दाबून भरली, वर हिंगाचा खडा ठेवला आणि तोंडाला फडके बांधून बरणी माळ्यावर ठेवून दिली.

जुलैमध्ये पाणी आले. नदीकाठच्या पेठांत राहणाऱ्यांना राजाराम बंधाऱ्याची पातळी पाठ असते: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 साली पाणी 55 फुटांच्या वर गेले होते आणि तेव्हाच्या गाळाच्या रेघा आमच्या भिंतीवर अजून होत्या. त्या वेळी मोटर वाचवता आली नव्हती आणि ती उघडून पुन्हा गुंडाळून घ्यायला मोठा खर्च आला होता. या वेळी पाणी जामदार क्लबपाशी आल्याचे कळताच आत्याबाई, मी आणि दोन्ही मुले गिरणीत गेलो. मोटरचे बोल्ट मुलीने सोडवले. ती बारावीची परीक्षा रद्द झालेल्या मुलांपैकी होती, दोन महिने खोलीतून बाहेर पडत नव्हती आणि बापाचा विषय काढला की उठून जात होती. पाना हातात घेऊन गंजलेल्या बोल्टशी झटताना तिच्या तोंडून पहिल्यांदा आले, “पप्पा याला आधी रॉकेल लावायचे.” तिच्या भावाने रॉकेल आणले. गल्लीतल्या चौघांनी साखळी लावून मोटर माळ्यावर ओढली. त्या रात्री आम्ही नातेवाइकांकडे गेलो. पाणी 56 फुटांच्या आसपास जाऊन ओसरले. आम्ही परतलो तेव्हा गिरणीत गुडघाभर गाळ होता आणि माळ्यावर मोटर व आजींची बरणी कोरडी होती.

गाळ उपसायला आम्हाला नऊ दिवस लागले. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. खोरे, बादली, पाणी आणि पुन्हा खोरे. मात्र रात्री मला झोप लागू लागली होती.

नवरात्रात एक तरुण चौकशी करत आला. आजी त्याच मे महिन्यात गेल्या होत्या. तो नोकरीनिमित्त बाहेरगावी होता आणि आता घर आवरायला आला होता. जुन्या पाकिटात त्याला आमच्या गिरणीची पावती सापडली होती. आत्याबाईंनी बरणी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने फडके सोडले, वास घेतला, आणि बराच वेळ मान वर केली नाही. जाताना त्याने पैसे पुढे केले, तेव्हा आत्याबाईंनी चिठ्ठीवर लिहिलेली कांडपाची मजुरी तेवढी घेतली आणि वहीतले ते पान त्याला मोबाइलवर टिपून घ्यायला सांगितले.

मे 2022 च्या पहिल्या आठवड्यात शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती. सहा मे रोजी सकाळी दहा वाजता सारे कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिले आणि आम्हीही यंत्र बंद करून बोळात उभे राहिलो. त्याच आठवड्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे हे प्रकार गावात बंद. 17 मे रोजी सरकारने राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनीही हे करावे असे परिपत्रक काढले. ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याच भागात 1989 साली माझ्या सासूच्या मनगटात काच गेली, आणि 2021 सालीही माझ्यासाठी पाट मांडला गेला, या गोष्टीचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. कायदा आणि ठराव हवेतच, पण त्या दिवशी उंबऱ्यात आत्याबाई उभ्या नसत्या तर मी निमूट हात पुढे केला असता.

हेरवाडची बातमी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी विचारले, “कुणी मांडला?” मी सांगितले, की मांडणारी बाई आणि अनुमोदन देणारीही बाईच. त्या म्हणाल्या, “मग टिकंल,” आणि पुन्हा एकदा वाचायला लावले.

मुलगी आता गिरणीचा हिशोब सांभाळते आणि वहीत नव्या घरांची पाने तिच्या अक्षरात भरत आहेत. ते चार दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत, आणि ते जावेत अशी मी आता अपेक्षाही करत नाही. गिरणीत कोणी खोकले की मी आजही हातातले काम थांबवून बघते. गेल्या हंगामात मदतीला येणारा पोरगा दोन दिवस सारखा खोकत होता. “काकू, मिरची हाय,” असे तो सांगत होता, तरी मी त्याला यंत्रावरून उठवले, त्याच्या हातात पैसे दिले आणि डॉक्टरांकडे पाठवले. दुपारपर्यंत माझे कशातच लक्ष लागले नाही. आत्याबाई दाराशी पाट टाकून देठ खुडत बसल्या होत्या आणि त्याही सारख्या बोळाच्या तोंडाकडे बघत होत्या.

तीनच्या सुमारास तो आला. मिरचीचाच ठसका होता. त्याने गूळ-पाणी घेतले, तोंडाला फडके बांधले आणि पुढच्या घराची पिशवी उखळात रिकामी केली.