पाफोसची 'राजांची थडगी': सायप्रसला जाणार असाल तर

सायप्रसच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पाफोसला गेलात आणि वेळ कमी असेल, तर बीच सोडा, पण 'टॉम्ब्स ऑफ द किंग्ज' सोडू नका. नाव राजांचं असलं तरी इथे राजा एकही पुरलेला नाही. इजिप्तच्या टॉलेमी राजघराण्याची सायप्रसवर सत्ता होती, तेव्हाच्या बड्या अधिकाऱ्यांची आणि श्रीमंत घराण्यांची ही थडगी. इ.स.पू. 3ऱ्या शतकापासून पुढे काही शतकं इथे दफनं होत राहिली. 1980 पासून पाफोस जागतिक वारसा यादीत आहे.

लांबून नुसतं खडकाळ माळरान दिसतं आणि पलीकडे समुद्र. जवळ गेलं की जमिनीत चौकोनी खड्डे दिसू लागतात. सगळा वेळ जपून ठेवावा तो 3 आणि 4 क्रमांकाच्या थडग्यांसाठी. 3 नंबरच्या पायऱ्या उतरून खाली गेलो तर समोर चक्क चौसोपी वाड्यासारखा चौक! वर मोकळं आकाश, चारी बाजूंनी डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धाटणीचे खांब, खांबांवर कोरलेली नक्षीची पट्टी. आणि यातलं काहीही बांधलेलं नाही, सगळं वरून खाली खडक काढत कोरलंय. वेरूळचं कैलास पाहिलेल्या माणसाला हे तंत्र लगेच ओळखू येतं. मेलेल्या माणसालाही राहायला नीट घर हवं, ही त्यामागची भावना. घराची ही तऱ्हा इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियातल्या थडग्यांतही आहे.

चौकाभोवतीच्या खोल्यांत शिरलात की भिंतींकडे निरखून पाहा. माणूस आडवा सरकवता येईल असे खोल, अरुंद कोनाडे ओळीने आहेत. काही अगदी तोकडे, लहान मुलांचे. तिथे मला पुढे जाववेना. काही ठिकाणी गिलाव्याचे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत, त्यांना हात लावू नका. मौल्यवान वस्तू लुटारूंनी केव्हाच नेल्या. उरले ते ऱ्होड्स बेटावरचे मातीचे दारूचे कुंभ, पण त्यांच्या मुठींवरचे शिक्केच काळ ठरवायला अभ्यासकांना कामी आले.

आता जाण्याबद्दल. काटो पाफोसच्या बंदरापासून कोरल बेकडे जाणारी 615 नंबरची बस याच रस्त्याने जाते. चालत यायचं तर साधारण दोन किलोमीटर. गाडी भाड्याने घेतलीत तर आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे बिचकू नका. तिकीट फार नाही, आम्हाला अडीच युरो पडलं.

सावली मात्र आवारात जवळपास नाहीच. उघडल्या उघडल्या पोचा, टोपी आणि माणशी एक लिटर तरी पाणी घ्या. जून ते ऑगस्टमध्ये दुपारी जाण्याचा विचारही करू नका, मार्च-एप्रिल उत्तम. पायऱ्या झिजलेल्या आणि उंचसखल आहेत, चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती खाली उतरली नाही, पण 3 नंबरचा चौक तिला वरूनही छान दिसला. लहान मुलांचा हात सोडू नका, कडा अचानक येतात.

दोन तास निवांत द्या. त्याच दिवशी बंदराजवळचं डायोनिससचं घर (रोमन काळातला एक वाडा) आणि तिथली मोझेकची, म्हणजे रंगीत दगडांच्या तुकड्यांच्या चित्रांची जमीनही पाहून होते. ही मोझेकं छपराखाली आहेत, म्हणून सकाळी थडगी आणि ऊन चढल्यावर मोझेक असाच क्रम ठेवा.