मॅडम, लॅटिन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून. विचारतात तसे सगळेच. पालक, क्लासचालक, घरी सासरेसुद्धा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडून इंग्रजी शब्द पाठ करून घ्यायचे सोडून ही मुळं कशाला उकरता?

पालकसभेत एका वडिलांनी मुलाची उत्तरपत्रिका उंच धरली होती. 'इक्विव्होकल'चा अर्थ विचारलेला, उत्तर होतं 'संदिग्ध', आणि मुलानं 'एकमताचा' या पर्यायावर खूण केलेली. "मॅडमच म्हणाल्या, एक्वुस म्हणजे समान, व्होक्स म्हणजे आवाज. मग पोराचं चुकलं कुठं?" सभा हसली. चालकही हसले, आणि पुढच्या महिन्यात ती बॅच दुसऱ्या सरांकडे गेली.

तेव्हा मी जे सांगत होते ते कुणी ऐकून घेतलं नाही. एक्वुस म्हणजे मुळात सपाट, समतल. त्यावरून समान, न्याय्य. एकाच शब्दातून दोन अर्थ सारख्याच जोरानं बोलतात, कुठलंच पारडं झुकत नाही, म्हणून शब्द संदिग्ध. संशय येतो तो समानतेमुळेच! सहाव्या शतकात बोएथियस या रोमन तत्त्वज्ञानं ॲरिस्टॉटल लॅटिनमध्ये आणला, तेव्हा नाव एक पण व्याख्या वेगळ्या अशा गोष्टींना त्यानं 'एक्विव्होका' म्हटलं, आणि नाव-व्याख्या दोन्ही एक असतील तर 'युनिव्होका'. पोरगं निम्म्या वाटेपर्यंत बरोबर आलं होतं.

पाठ करणाऱ्याला गुण मिळाला असता, हेही खरंच. पूर्वी मी फळ्यावर लिहायचे, 'मूळ कळलं की अर्थ कळला.' इक्विनॉक्सला, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याला, ते लागू पडतं, इनिक्विटीलाही. जे समतल नाही तो अन्याय. पण इक्वेस्ट्रियनमध्ये, म्हणजे घोडेस्वारीच्या शब्दात, घोडा निघतो! लॅटिनमध्ये समानतेचा एक्वुस 'एई'नं सुरू होतो, घोड्याचा नुसत्या 'ई'नं; इंग्रजीनं दोघांना एकाच रांगेत उभं केलं. आणि 'ॲम्बिग्युअस'? तोही संदिग्धच. ॲम्बी म्हणजे दोन्हीकडे, आगेरे म्हणजे हाकणं. तिथे समानतेचा पत्ताच नाही, माणूस इकडून तिकडे भरकटतोय. गाइडात मात्र 'इक्विव्होकल' आणि 'ॲम्बिग्युअस' समानार्थी. हा फरक कुठल्या परीक्षेत विचारतात? कुठल्याच नाही.

मग फळ्यावरचं ते वाक्य पुसायचं का? एक मन म्हणतं पुस, दुसरं त्या मुलाची बाजू घेतं. सोमवारी 'ॲम्बिशन', म्हणजे महत्त्वाकांक्षा, शिकवणार आहे. रोममध्ये उमेदवार मतं मागत फिरायचे, त्या फिरण्यावरून आलेला शब्द. कुणाला तक्रार करायची असेल तर तास संपल्यावर भेटा.