मांजराचा डावा डोळा

"कितीला?" आईने विचारलं.

"सहा डॉलर."

तिला ट्रॉयला येऊन तीन आठवडे झाले होते आणि कोथिंबिरीच्या जुडीपासून माझ्या केस कापण्यापर्यंत सगळं ८५ ने गुणून झालं होतं. ओठ हलले, हिशेब जमला. "पाचशे रुपये! आणि चाकं तरी चार आहेत का?"

तीन होती.

इथे मिशिगनमध्ये उन्हाळ्यातल्या शनिवारी गल्लोगल्ली गॅरेज सेल लागतात. संसारातलं नकोसं झालेलं सगळं ड्राइव्हवेवर मांडायचं आणि खुर्ची टाकून बसायचं. आईला हा प्रकार मनापासून आवडला, कारण इथे घासाघीस चालते. एका बिनझाकणाच्या किटलीशेजारी हे खोकं पडलं होतं. पुठ्ठा पिवळा, एक कोपरा ओलीने खाल्लेला. आत १९५९ सालची शेवरले इम्पाला, म्हणजे तिचं १/२५ मापाचं प्लॅस्टिकचं मॉडेल. खरी गाडी ५ मीटर ३५ सेंटिमीटरची, ही जेमतेम २१ सेंटिमीटर. कुणीतरी लहानपणी डिंक थापून जोडलेली, जाड ब्रशने लालभडक रंगवलेली आणि पुढे कधीतरी मोडलेली. "धाकट्या भावाची," विकणारे आजोबा म्हणाले आणि सुटे पैसे शोधायला लागले.

खोक्यावर छापलेलं वाचून मात्र मी थबकलो. एएमटी, ट्रॉय, मिशिगन. मी रोज ऑफिसला जातो तो ईस्ट मेपल रोड, ज्याला इथले लोक १५ मैल रस्ता म्हणतात, त्याच रस्त्यावर एके काळी या कंपनीचा कारखाना होता. साठ-पासष्ट वर्षांत गाडी गाव सोडून कुठे गेलीच नव्हती.

"माहेरातच राहिली म्हण की," आई म्हणाली. "तरीच अशी अवस्था."

एएमटी म्हणजे अल्युमिनिअम मॉडेल टॉइज. १९४८ मध्ये कंपनी निघाली तेव्हा गाड्या खरोखर अल्युमिनिअमच्या होत्या. लवकरच प्लॅस्टिक आलं, नाव तेच राहिलं. पुढे अल्युमिनिअम उरलं ते बंपरवरच्या चकाकीपुरतं, कारण ज्याला आपण क्रोम म्हणतो तो प्लॅस्टिकवर चढवलेला अल्युमिनिअमचाच पातळ मुलामा असतो. सुरुवातीला ही मंडळी शोरूमवाल्यांसाठी तयार छोट्या गाड्या बनवत. पोराच्या हातात खेळणं दिलं की बाप खऱ्या गाडीपाशी रेंगाळतो, हा हिशेब. मग १९५८ पासून तेच सुटे भाग खोक्यात घालून विकायला लागले. त्याला 'थ्री इन वन' म्हणत. एकाच खोक्यातून तीनपैकी कोणतीही एक गाडी करायची: कारखान्यातून निघाली तशी, शौकिनाने नटवलेली किंवा शर्यतीची. किंमत दीड डॉलरच्या आसपास.

आमच्या गाडीच्या पहिल्या मालकाला निवड जमली नव्हती. त्याने तिन्ही केल्या होत्या. दारावर शर्यतीचा आकडा, बॉनेटवर शौकिनांचे जादा दिवे आणि आत शहाण्यासारख्या साध्या सीट. लग्नात तिन्ही आत्यांनी दिलेल्या साड्या एकावर एक नेसवाव्यात तसं.

मी पेणचा. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक फिएट होती आणि ती डॉक्टरांची. इम्पाला आम्ही पाहिली ती हिंदी सिनेमात. ती घाटाच्या वळणावर दिसली की आत कोण बसलंय ते कळायच्या आधीच थेटरात शिट्ट्या पडत. इम्पाला हे आमच्यासाठी गाडीचं नाव नव्हतंच, श्रीमंतीचं एकक होतं. त्यातही ५९ ची गाडी म्हणजे कळस. मागे दोन पंख, उभे नाहीत, आडवे पसरलेले, आणि त्यांच्याखाली थेंबाच्या आकाराचे दोन लांबट लाल दिवे. अमेरिकन लोक त्यांना मांजराचे डोळे म्हणतात. त्यामुळे ही गाडी पुढून हसरी आणि मागून रागीट दिसते. ओव्हरटेक करून गेल्यावर वळून डोळे वटारणारी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नाही.

दिसायला देखणी, पण बसायला नको, हेही सांगायला हवं. माझं पोट बंपरवर चालतं. गाडी धडकल्यावर बंपरने किती आणि कसं दबावं, याची मी दिवसभर गणितं करतो. २००९ मध्ये इथल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने पन्नाशी साजरी करताना ५९ ची शेवरले बेल एअर, म्हणजे इम्पालाची सख्खी बहीण, आणि २००९ ची मालिबू ताशी ४० मैलांच्या वेगाने समोरासमोर धडकवली. जुनी गाडी दणकट, पोलादी, असं आपण छाती ठोकून सांगतो ना, तिची केबिन पुठ्ठ्यासारखी चुरगळली. नवीत चालकाच्या जागी बसवलेला पुतळा पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावला. आमच्या धंद्यात ती फिल्म प्रत्येकाने पाहिलेली असते, आणि पाहताना प्रत्येकाचं लक्ष चुरगळणाऱ्या पंखांकडे असतं. हळहळ वाटायची तिथे वाटतेच.

तर दिवसा बंपर, आणि आता रात्रीही बंपर. कारण खोक्यात पुढचा बंपर नव्हता. एक चाक नव्हतं. मागचा डावा दिवा तुटून गेला होता. पुढची काच होती, पण तिच्यावर वर्षानुवर्षं टायर टेकून राहिला होता. या जुन्या टायरांच्या व्हिनाइलमधून एक तेलकट द्रव्य झिरपतं आणि शेजारच्या प्लॅस्टिकला खातं. काचेवर टायरच्या नक्षीचा डाग कोरल्यासारखा उमटला होता.

पण जोडण्याआधी सोडवणं आलं. जुना डिंक प्लॅस्टिक विरघळवून चिकटवतो, त्यामुळे सांधा ओढला की भलतीकडेच तुटतो. उपाय असा की गाडी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. थंडीने सांधे ठिसूळ होतात आणि हलक्या हाताने मुरगळलं की टक् आवाज करून सुटतात. सकाळी आईला ओल्या खोबऱ्याच्या पिशवीखाली इम्पाला सापडली. तिने मला काही विचारलं नाही. बायकोला विचारलं, "याला ऑफिसात काही ताण आहे का गं?"

मग रंग. ९१ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये गाडी चार दिवस बुडवली. वरचा लाल सुटला आणि खालून पिवळा निघाला. तो निघेना म्हणून ब्रेक ऑइल. त्याखाली हिरवा! त्या मुलाने गाडी तीनदा रंगवली होती. आधीचा रंग वाळायची वाट न बघता, हे सुरकुत्यांवरून कळत होतं. जुना टूथब्रश घेऊन मी रोज रात्री अर्धा तास घासत बसे. पांढरं प्लॅस्टिक वर यायला लागलं तसा छताच्या आतल्या बाजूला डिंकात रुतलेला अंगठा दिसला. अंगठ्याचा ठसा, रेघ न् रेघ स्पष्ट, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. दहा वर्षांचा असेल पोरगा. मी पॉलिश पेपर हातात घेतला होता. मग छताच्या आत कोण बघतंय, असं म्हणून खाली ठेवला. खरं कारण आळस नव्हतं, पण बायकोला मी तेच सांगितलं.

काचेवर मात्र दया केली नाही. १००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, मग १५००, मग २०००, आणि शेवटी बोटाला टूथपेस्ट लावून गोल गोल. दोन संध्याकाळींनी काच काच झाली. डागाची एक पुसट कमान उरली आहे, ती वायपरने काढलेली म्हणून खपते.

बंपरचं प्रकरण लांबलं. नुसता सुटा बंपर लोक ४० डॉलरला विकतात. गाडी सहाला आणि दात चाळीसला! इतर कंपन्यांनी नंतर ५९ ची इम्पाला काढली आहे, तिचा घालता आला असता, पण ती दुसऱ्याची कवळी झाली. मूळचा मिळणं कठीण, कारण त्या काळी दर वर्षी खरी गाडी बदलली की एएमटी जुनाच पोलादी साचा कापून, भरून, घासून नव्या वर्षाचा करून घेत असे. ५९ ची गाडी ५९ मध्ये निघाली तेवढीच.

हे मी जेवताना सांगत होतो. आई भात कालवायची थांबली.

"साचा मोडला? आणि खेळणं ठेवलं?"

पेणच्या माणसाला हे पटणं अवघड आहे. आमच्याकडे मूर्ती दहा दिवसांनी पाण्यात जाते, साचा माळ्यावर राहतो. आजोबांनी केलेल्या साच्यातून नातू मूर्ती काढतो. आई लग्न होऊन आली तेव्हापासून शेजारच्या कारखान्यात कामाला जायची, आधी घासकामाला, मग रंगाला, आणि शेवटची वीस वर्षं आखणीला. आखणी म्हणजे डोळे. कारखान्यात आखणीवाल्याचा पाट खिडकीपाशी असतो आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही. यंदा व्हिसा मे ते ऑक्टोबर असा मिळाला आणि ऐन सीझनमध्ये ती पहिल्यांदाच पेणबाहेर होती. हात शिवशिवत होते. माझ्या डब्यांवर तिने मार्करने 'हळद', 'जिरं' लिहिलं होतं, तेही वेलांटीला कमळ काढून.

शेवटी एका छांदिष्ट गृहस्थांनी आपल्या गाडीचा बंपर चार दिवसांसाठी उसना दिला. मी सिलिकॉन रबरात त्याचा साचा घेतला. आई बाजूला स्टूल ओढून बसली. "बुडबुडे मारलेस का? आधी ब्रशने पातळ हात दे, मग ओत. नाहीतर नाकाला भोक पडतं." नाक म्हणजे इथे ग्रिल, हे समजून घेऊन मी तसंच केलं. साच्यात रेझिन ओतलं, ते थोड्याच वेळात दुधासारखं पांढरं होऊन घट्ट झालं. पहिला बंपर बुडबुड्यांनी चाळण, दुसरा वाकडा, तिसरा बरा. आईने तो नखाने चाचपला, सांध्याची कड कुठे राहिली ते दाखवलं आणि तिसऱ्यालाही नापास केलं. चौथा बसवला. त्यावर चकाकीसाठी अल्युमिनिअमचा चिकट पापुद्रा लावतात. तो इतका पातळ की श्वासाने उडतो. काजूकतलीच्या वर्खाची आठवण झाली आणि तोही तसाच, मधल्या बोटाच्या पेराने, दाबून बसवला.

राहिला डावा डोळा.

मला वाटलं होतं, उजव्याचा साचा घेऊ की झालं. सिलिकॉन कालवून ठेवल्यावर ध्यानात आलं की उजवा आणि डावा आरशातल्यासारखे उलटे. उजव्याच्या साच्यातून कितीही दिवे काढले तरी ते उजवेच निघणार. बंपरची गणितं करणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये, याची लाज वाटून मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. मुलगी म्हणाली, बाबा, शाळेत थ्रीडी प्रिंटर आहे, उलटा करून छापून आणते. आणला. मापात अचूक होता, पण अंगावर पायऱ्या पायऱ्या, एवढ्याशा तुकड्याच्या त्या घासायला गेलो तर आकारच गेला.

मग एपॉक्सी पुट्टी. दोन कांड्या असतात, सारख्या प्रमाणात घेऊन मळायच्या, दोन तासांत दगड. मी मळायला घेतली तर ती नुसती बोटांना चिकटत होती. आईने हातातून गोळा काढून घेतला. वाटीत बोट बुडवलं, पाणी लावलं. "शाडू कधी मळला नाहीस, तुला काय कळणार." दोन मिनिटांत गोळा लोण्यासारखा झाला. त्यातून तिने ज्वारीच्या दाण्याएवढा चिमटा घेतला, उजव्या दिव्याकडे एकदा बघितलं, पंखाखाली बसवला आणि टूथपिकने एका बाजूला ओढत नेला. नाकाकडे जाड, कानाकडे निमुळता. परत उजव्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर गाडीची बाकी सगळी तयारी झालेली. निळसर हिरवा रंग मी आधीच दिला होता, चाक दुसऱ्या एका मोडक्या गाडीचं आणून बसवलं होतं. फक्त दिव्यांचा लाल राहिला होता. सर्वांत बारीक ब्रश घेऊन मी बसणार, तोच आई म्हणाली, "ऊठ."

ती खिडकीशी बसली. करंगळी टेबलाला टेकवली, तिच्यावर मनगट तोललं. सत्तरीत हात थोडा कापतो, पण करंगळी टेकली की थांबतो. ब्रशचं टोक ओठांत धरायला निघाली, तेव्हा मी ओरडलो, "आई, इनॅमल आहे!" तिने नुसतं बघितलं. मी गप्प झालो. डिशवॉशर चालू होता, तो जाऊन बंद केला. एक रेघ वरून, एक खालून, मध्ये भरणी. श्वास सोडला तो दुसरा डोळा झाल्यावर.

लांब धरून तिने गाडी पाहिली. "डावा किंचित बारीक झाला," ती म्हणाली. मी म्हटलं, कुणाला कळतंय? "मला कळतंय की," ती म्हणाली आणि ब्रश धुवायला रॉकेल मागितलं. थिनर दिलं.

ऑक्टोबरात ती परत गेली. इम्पाला पुस्तकांच्या कपाटावर आहे. जाताना आईने तिला फिरवून ठेवलं होतं, बंपर भिंतीकडे आणि शेपूट खोलीकडे, कारण डोळे मागे आहेत. धूळ पुसताना बायको गाडी सरळ करते. संध्याकाळी आलो की मी परत फिरवतो.