तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रायर व्हेंट बसवायला सर्टिफिकेट लागतं का?

न्यू जर्सीत मराठी माणसं चार ठिकाणी भेटली की दोन ठिकाणी हा प्रश्न येतो. ड्रायर व्हेंट म्हणजे कपडे वाळवणाऱ्या मशीनमधली गरम हवा घराबाहेर नेणारी नळी. विचारणाऱ्याची आयटीतली नोकरी डळमळीत असते, किंवा त्याचा नुकताच इकडे आलेला भाऊ हाताने काम करणारा असतो. "ते ड्रायर व्हेंटचं काम तुम्ही करता ना? त्याला सर्टिफिकेट लागतं का? कुठे मिळतं?"

लागत नाही. तरी घ्या.

आधी कागदपत्रांचा गोंधळ मिटवतो. काम करण्याचा हक्क सर्टिफिकेटमुळे मिळत नाही. दुसऱ्याच्या घरात दुरुस्तीचं काम घ्यायचं तर न्यू जर्सीत राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे कंत्राटदार म्हणून नोंदणी करावी लागते, विमा उतरवावा लागतो. नवा डक्ट, म्हणजे ही हवेची नळी, टाकताना परमिट लागेल की नाही, ते गावच्या बांधकाम कार्यालयात विचारायचं. दुसऱ्या राज्यात गेलात की नियम बदलतात, तेव्हा टेक्सासच्या मेव्हण्याचा सल्ला इथे चालवू नका.

सर्टिफिकेट देणारी सगळ्यात ओळखीची संस्था म्हणजे चिमनी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, मुक्काम प्लेनफील्ड, इंडियाना. धुरांडी साफ करणाऱ्यांच्या या संस्थेचं 'सर्टिफाइड ड्रायर एक्झॉस्ट टेक्निशियन' हे प्रमाणपत्र आहे. धुरांडेवाल्यांनी कपड्यांच्या मशीनमध्ये लक्ष का घालावं, असं लोकांना वाटतं. पण नळीतून गरम हवा बाहेर काढायची आणि आतल्या आत पेट घेऊ द्यायचा नाही, हा त्यांचा पिढीजात धंदाच आहे.

पेट घेणं हा शब्द मी घाबरवायला वापरत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 च्या आकडेवारीवरून काढलेला अंदाज असा, की निवासी इमारतींत ड्रायरमुळे वर्षाला साधारण 2,900 आगी लागत. त्यांतल्या 34 टक्के आगींचं कारण एकच: साफसफाई न होणं. कपड्यांचे तंतू, म्हणजे लिंट, नळीत साचतात, हवा कोंडते, ड्रायर तापत राहतो. गॅसवरचा ड्रायर असेल तर कोंडलेल्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही घरात फिरण्याची भीती.

आता ज्यासाठी मी सर्टिफिकेट घ्या म्हणतो, तो भाग. सर्टिफिकेटच्या परीक्षेच्या निमित्ताने माणूस कोड, म्हणजे बांधकामाचे नियम, वाचतो, एरवी कोणी वाचत नाही. निवासी बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय कोडमध्ये ड्रायरच्या डक्टवर एक छोटं प्रकरण आहे, पण त्यातल्या ओळीओळीमागे कारण आहे. डक्ट 4 इंची, धातूचा, आतून गुळगुळीत हवा. तुकडे जोडताना आत शिरणारं तोंड हवेच्या दिशेने ठेवायचं, नाहीतर प्रत्येक सांध्यावर लिंट अडकते. स्क्रू आत एक अष्टमांश इंचापेक्षा जास्त घुसायला नको, कारण तेच. बाहेरच्या तोंडाला जाळी नको. घरमालक हमखास म्हणतो, "पक्षी घरटं करतात हो, एखादी जाळी लावा." लावायची नाही. झडप असलेलं तोंड बसवायचं आणि जाळीची वर्षभरात गादी कशी होते ते त्याला समजावून सांगायचं. ड्रायरच्या मागची लवचीक नळी 8 फुटांपर्यंत चालते, पण ती भिंतीत लपवता येत नाही. आणि जुन्या घरांत सापडणारी ती पांढरी प्लॅस्टिकची नळी दिसली की पुढचं काहीही बोलण्याआधी ती काढून टाका.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा 35 फूट. डक्टची जास्तीत जास्त लांबी एवढी, पण प्रत्येक वळण त्यातून वजा होतं. साधा काटकोनी एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, 5 फूट खातो, 45 अंशाचा अडीच फूट. हाच काटकोन 6 इंच त्रिज्येच्या गुळगुळीत एल्बोने घेतला तर फक्त 1 फूट 9 इंच जातात. आमच्याकडच्या टाउनहाउसमध्ये बिल्डरने लॉन्ड्री घराच्या मधोमध दुसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलेली असते. तिथे चार वळणांवर 20 फूट घालवायचे की फक्त 7, हे चांगला एल्बो घेण्यावर ठरतं. दोन्ही एल्बोंच्या किमतीतला फरक इतका किरकोळ असतो, की स्वस्तातला लावणाऱ्याचा मला राग येतो.

वर्गात जे शिकवत नाहीत तेही सांगतो. ड्रायवॉल, म्हणजे भिंतीवरचे जिप्समचे पत्रे, न फोडता डक्ट कुठून गेलाय ते ओळखणं, विटांच्या भिंतीला भोक पाडणं, जुलैच्या दुपारी ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, सरपटणं. हे एखाद्या जुन्या माणसाबरोबर एक हंगाम हिंडूनच येतं. आधी हंगाम, मग परीक्षा, हा क्रम मला बरा वाटतो, कारण हाताने केलेलं असलं की कोड वाचताना डोळ्यांपुढे भिंत दिसते.

भारतातून आलेले आईवडील मात्र वेगळंच विचारतात: "ऊन एवढं पडलंय, बाहेर दोरी का बांधत नाही?" बऱ्याच सोसायट्या बांधू देत नाहीत, काका. आणि जानेवारीत बांधून उपयोगही नाही.

फी भरण्याआधी एक करून बघा. स्वतःच्या घरचा डक्ट मोजा, सरळ लांबीत वळणांचे फूट मिळवा. बेरीज 35 च्या वर गेली तर ड्रायरचं मॅन्युअल काढा. कंपनीने त्या मॉडेलला जास्त लांबी मान्य केली असेल तर ती चालते. मात्र तेव्हा एकूण लांबी लिहिलेली कायमची पट्टी, ड्रायर डक्टला जोडतात त्या ठिकाणापासून 6 फुटांच्या आत लावावी लागते. ड्रायर ओढा आणि तुमच्याकडे ती आहे का बघा.