फेसावर पूड, सायीवर कीस

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला तोंडाला लावला की ओठावर फेसाची मिशी उमटते. फेस ही काय चीज आहे, हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. पण घरी कॉफीचं कॉकटेल केलं की हाच माणूस त्या नाजूक फेसावर मूठभर चॉकलेट किसून टाकतो आणि वर चिखल झाला म्हणून कॉफीला नावं ठेवतो.

कॉफीचा त्यात काही दोष नसतो. चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि स्निग्धांश फेसाचे बुडबुडे फोडतो. म्हणून फेसावर कोकोची पूड आणि सायीवर चॉकलेटचा कीस, एवढी वाटणी पाळायची. पूड चहाच्या कोरड्या गाळणीतून, वीतभर उंचीवरून, टिचकी मारत पाडावी. चमच्यानं टाकली तर एकाच जागी ढीग पडतो आणि पहिल्याच घोटाला ठसका लागतो.

या घराण्यातलं मानाचं पान एस्प्रेसो मार्टिनीचं. १९८० च्या दशकात लंडनच्या डिक ब्रॅडसेल या बारटेंडरनं ती बसवली. ५० मिली व्होडका, ३० मिली कडक कॉफी, २० मिली कॉफी लिकर (कॉफीच्या स्वादाची गोड दारू), १० मिली साखरेचा पाक. मशीन नसेल तर ३० मिली गरम पाण्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी. नाकं मुरडणाऱ्यांनी मुरडावीत, फेस तिलाही चांगला येतो. घट्ट झाकणाच्या बरणीत भरपूर बर्फ घालून १५ सेकंद जोरात हलवायचं आणि बारीक गाळणीतून ओतायचं, कारण बर्फाचा चुरा फेस मोडतो. लगेच वर कॉफीच्या बिया ठेवायची घाई नको. अर्ध्या मिनिटात कॉफी खाली उतरते, फेस वर घट्ट होतो. मग भाजलेल्या तीन बिया, सपाट बाजू खाली, टोकं मध्याकडे. तीनच का? इटलीत सांबुका या बडीशेपेच्या वासाच्या दारूत तीन बिया टाकायची रीत आहे. एक आरोग्याची, एक सुखाची, एक भरभराटीची. बी बुडाली तर अपशकुन नाही, हलवणं कमी पडलं. नाहीतर कॉफी जुनी होती: भाजताना बीत साठलेला वायू उडून गेला की फेसाचा दम जातो.

सायीचा कारभार वेगळा. मिसळीची तर्री तेलामुळे वर राहते, तसं क्रीमही स्निग्धांशामुळे तरंगतं. दुकानातल्या नेहमीच्या पाकिटात तो २५ टक्के असतो. ते क्रीम कितीही फेटलं तरी फुगत नाही. ३५ टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम आणा, नाहीतर म्हशीच्या दुधाची ताजी साय थंडगार करून बरणीत हलवा. चमच्यावरून जाड धारेनं ओघळायला लागली की थांबायचं. हात थांबला नाही तर लोणी, आणि कॉकटेलऐवजी थालीपीठ लावावं लागेल. ओतताना चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून ओतायची.

या सायीवर कीस शोभतो. सोलाण्यानं डार्क चॉकलेटच्या वडीची कड खरवडली की कुरळे वळसे निघतात. वडी फ्रिजमधून थेट काढलेली असेल तर नुसता भुगा पडतो. एप्रिलच्या दुपारी उलट त्रास: कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे आपली बोटंच त्याला पुरेशी. वडी कागदात धरा आणि कीस आधीच काढून डब्यात ठेवा.

पण सायीवर सगळ्यात शोभतं ते जायफळ. ब्रँडी, कोको लिकर आणि क्रीमच्या अलेक्झांडर नावाच्या कॉकटेलवर जगभर तेच किसतात. आपल्याकडे कॉफीत जायफळ घालायचं हे आज्जीलाही ठाऊक होतं. किसणीवर दोन-तीन घासे, तेही देताना. आधी करून ठेवलेल्या पुडीचा वास उडालेला असतो. ग्लास ओठाला लागण्याआधी नाकापाशी येतो, तेव्हा सजावट नाकाला कळली पाहिजे. डोळ्यांसाठी केलेल्या छत्र्या-बित्र्या लग्नाच्या हॉलवाल्यांना लखलाभ.

काठाला चॉकलेट लावायचं तर ग्लास खडखडीत कोरडा हवा. ५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि अर्धा चमचा खोबरेल, खायचं, वाफेवर वितळवा. त्यात पाण्याचा एक थेंब पडला तरी गोळा होतो. काठ ३-४ मिलीमीटर बुडवा, उलटाच धरून सावकाश फिरवा, मग पाच मिनिटं फ्रिजमध्ये. अर्धाच काठ रंगवला तर पिणाऱ्याला कोरडी बाजू मोकळी राहते.

गुळाच्या गावात याहून सोपी सोय आहे: काकवी. बोटानं काठाच्या फक्त बाहेरून फिरवा आणि दोन चमचे कोको, एक चमचा पिठीसाखर यांत काठ लोळवा. चिमूटभर ब्याडगीचं तिखट मिसळलं तर बहार. मात्र ज्याला कोल्हापुरात चटणी म्हणतात ते कांदा-लसणाचं तिखट चुकूनही नको. पावसाळ्यात हा काठ आयत्या वेळी करा. गूळ हवेतलं पाणी ओढतो आणि तासाभरात काकवी ओघळून बशीत येते.