मोरचुदात टिकणारा चाकू

ऑक्टोबर छाटणीपासून पुढचा महिनाभर माझ्या खिशातला चाकू दिवसातून पंचवीस-तीस वेळा उघडतो. सुतळीचं बंडल, खताच्या गोणीची शिवण, सोळा एमएमची ठिबकची नळी, फवारणीच्या पाइपचं चिरलेलं टोक. छाटणीची कात्री वेगळी असते, गर्डलिंगचा, म्हणजे खोडाच्या सालीचा गोल पट्टा काढायचा, चाकू वेगळा असतो. कलम करणारी माणसं आपापले चाकू घेऊन येतात आणि त्यांना दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत. या ठरलेल्या अवजारांच्या मधली जी कामं उरतात, ती खिशातल्या चाकूची. निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, आणि या एका चाकूसाठी मी जवळजवळ वर्षभर शोधाशोध केली. सोबतच्या बागाईतदारांपैकी दोघा-तिघांनी त्याबद्दल विचारलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात बोट कापण्यापासून झाली. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लाकडी मुठीचा मिटता चाकू होता. आठवडे बाजारातून घेतलेला, साध्या पोलादाचा, वीसेक वर्षं वापरात. त्याला लॉक नव्हतं. उघडलेलं पातं फक्त पाठीच्या पट्टीच्या ताणावर उभं राहायचं. वॉल्व्हजवळ वाकून नळी कापताना पातं नळीत रुतलं. ते सोडवायला मी मूठ उलटी दाबली, आणि पातं सरळ माझ्या तर्जनीवर मिटलं. पाच टाके पडले. छाटणी आठ दिवसांवर होती आणि उजव्या हाताला पट्टी. त्या रात्री ठरवलं, पुढचा चाकू लॉकचाच घ्यायचा.

घाईत पहिली खरेदी चुकली. साडेतीन हजारांत एक चाकू मागवला. दिसायला दणकट, पातं डी२ नावाच्या पोलादाचं. धारेबद्दल तक्रार नाही, गोण्या आणि नळ्या कापून महिनाभर टिकली. पण डिसेंबर संपेपर्यंत पात्यावर तपकिरी ठिपके आले आणि पिव्होटच्या, म्हणजे पातं ज्या खिळीवर फिरतं तिच्या, भोवती गंज धरला. डी२मध्ये क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे ऐकताना ते स्टेनलेससारखंच वाटतं. पण त्यात कार्बनही दीड टक्का असतो. हा कार्बन क्रोमियमचा मोठा वाटा कार्बाइडच्या कठीण कणांत अडकवून ठेवतो. त्या कणांमुळे धार टिकते, आणि गंज अडवायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. कोरड्या ऑफिसात, पाकिटं फोडायला तो चाकू आयुष्यभर चालेल. आमच्याकडे बोर्डो आहे.

द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. बोर्डो हे बुरशीच्या रोगांवर फवारायचं मिश्रण. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं क्षार (कॉपर सल्फेट), आणि साधारण तेवढाच चुना. चुना कमी पडला तर मोरचूद मोकळं राहतं आणि पानं जळतात. म्हणून द्रावण टाकीत ओतण्याआधी त्यात स्वच्छ लोखंड बुडवून बघायचं. लोखंडावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घालायचा. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी द्रावणातलं तांबं येऊन बसतं, इतकी सरळ गोष्ट आहे. कुणी खिळा वापरतं, कुणी विळा. अण्णा त्यांचा चाकू वापरायचे. म्हणजे जे रसायन आम्ही दिवसभर हातावर, कपड्यांवर आणि खिशात वागवतो, त्याचा स्वभावच लोखंड खाण्याचा. माझ्या गंजलेल्या पात्यावरून बोट फिरवून अण्णा म्हणाले, "पोलाद चांगलं आहे रे, पण आपल्या बागेचं नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. तोपर्यंत मी 'सगळ्यात चांगला चाकू कोणता' असंच शोधत होतो. त्यानंतर शोध बदलला.

नाशिकचा एक मित्र सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो. त्याच्याकडे सात-आठ चांगले चाकू आहेत. एका रविवारी त्याच्याकडे गेलो आणि जाताना फवारणीचे नायट्राइलचे हातमोजे बरोबर नेले. त्याच्या गॅलरीत बादलीभर पाण्यात साबण कालवला, मोजे घालून हात बुडवले आणि एकेक चाकू एका हाताने उघडून-मिटून पाहिला. चाकू निवडताना याहून उपयोगी असं मी काहीच केलं नाही. कोरड्या हातात सगळेच छान वाटतात.

पात्यावर अंगठ्यासाठी बारीक खुंटी असलेले चाकू ओल्या मोज्यात निसटत होते. पात्याला मोठं गोल भोक असलेले दर वेळी उघडत होते. हे भोक स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने १९८१ साली आपल्या पहिल्या चाकूत आणलं, खिशाला अडकवायची क्लिपही त्याच चाकूत होती. आज ती क्लिप बहुतेक सगळ्या खिशातल्या चाकूंना असते. शेतात तिचं मोल फार आहे. चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांमध्ये आणि मातीत लोळत नाही, वाकलं तरी पडत नाही, आणि हाताला नेहमी एकाच जागी सापडतो.

लॉकचं म्हणाल तर त्या गॅलरीत चार प्रकार हाताळले. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी टेकते. फ्रेम लॉकमध्ये मुठीचा एक अख्खा तुकडाच ते काम करतो. मित्राकडे क्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्याचा सेबेन्झा आहे, या पद्धतीचं लॉक ज्याने जगभर मान्यतेला आणलं तो चाकू. टायटॅनियमची मूठ. उघडताना आणि मिटताना त्याचा जो एकसंध, घट्ट आवाज येतो तसा मी दुसऱ्या कुठल्या अवजाराचा ऐकलेला नाही. आपण जितकी घट्ट मूठ आवळू तितकं त्याचं लॉक पक्कं होतं. किंमत माझ्या आवाक्याबाहेर होती, पण अडचण तेवढीच नव्हती. लायनर असो की फ्रेम, मिटताना अंगठा काही क्षण पात्याच्या वाटेत येतो. बुळबुळीत मोजा घालून, थकलेल्या हाताने, संध्याकाळी सहा वाजता मला ते नको होतं. आडव्या दांडीचं लॉक, म्हणजे मुठीतली छोटी दांडी मागे ओढून पातं सोडायचं, चांगलं वाटलं, कारण त्यात बोटं पात्यापासून लांब राहतात. शेवटी मन बसलं ते बॅक लॉकवर. मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी, अमेरिकेतल्या बकच्या ११० नंबरच्या चाकूने १९६४च्या सुमारास घरोघरी पोचवलेली जुनी पद्धत. मिटायला बहुधा दोन हात लागतात. माझ्या दृष्टीने ही त्याची जमेची बाजू आहे, कारण दुसरा हात लावायचा म्हटलं की माणूस क्षणभर थांबून बघतो.

पोलादाच्या बाबतीत मित्राचा आग्रह एस३०व्हीचा होता. त्यात व्हॅनेडियम हा धातू चार टक्के असतो, धार फार टिकते, आणि गंजाच्या बाबतीतही ते डी२च्या कितीतरी पुढे. पण व्हॅनेडियमची कार्बाइड कुरुंदापेक्षाही कठीण असते. आमच्या घरचा निसणा कुरुंदाचा. त्यावर हे पोलाद घासलं तर मधलं पोलाद झिजतं आणि कण तसेच राहतात. धार लावायची तर हिऱ्याची पट्टी घ्यावी लागते. ज्याला वर्षातून दोनदा धार लावायची आहे त्याने जरूर एस३०व्ही घ्यावं. मला दर आठवड्याला बांधावर बसून, हाताशी असलेल्या दगडावर धार लावता यायला हवी होती.

म्हणून मी एलसी२००एनकडे वळलो. यात कार्बन जेमतेम ०.३ टक्के असतो आणि त्याचं बरंचसं काम नायट्रोजन करतो. त्यामुळे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडत नाही, मोकळं राहतं आणि गंज अडवतं. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी स्पायडर्कोची सॉल्ट नावाची मालिका आहे, तिच्यात हे पोलाद मिळालं. मीठ सोसणारं पोलाद मोरचूदही सोसेल, असा माझा हिशेब होता. तीन इंचांचं पातं, बॅक लॉक, गोल भोक आणि नायलॉनची पिवळी मूठ. पिवळा रंग आधी आवडला नव्हता, पण वेलीखालच्या गवतात पडलेला चाकू पिवळाच लवकर सापडतो.

मावसभाऊ अमेरिकेहून येणार होता, त्याने चेक-इनच्या बॅगेत आणला. हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, हे त्याला आठवण करून सांगावं लागलं. सगळा मिळून १३ हजारांच्या आसपास गेला. आईला ही रक्कम सांगताना मी पाच टाक्यांची आठवण दिली, त्यावर ती काही बोलली नाही.

खरेदीआधी कायदाही पाहिला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. माझं पातं त्या मापाच्या जवळपासही नाही. तरी खटका दाबला की पातं उडून बाहेर येणारे चाकू मी पहिल्याच दिवशी यादीतून काढले, शेतकऱ्याला त्यांचं काही काम नाही. शिवाय सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७खाली मनाईचे आदेश निघतात, त्यांत चाकूही येतो. शेताबाहेर पडताना मी तो काढून घरी ठेवतो. बाजार समितीत किंवा नाशिकला जाताना खिशात नेत नाही, मग आदेश लागू असो की नसो.

दोन हंगाम झाले. पात्यावर अजून एक ठिपका नाही. फवारणीनंतर नुसत्या पाण्याखाली धरतो, तेल लावायचंही बहुतेक विसरतो. धार डी२इतकी टिकत नाही, हे खरं आहे. आठ-दहा दिवसांनी गोणीची शिवण कापताना पातं घसरायला लागतं. मग अण्णांच्या निसण्यावर दोन मिनिटं, की पुन्हा कागद चिरतो. काळजी घ्यायची जागा एकच आहे, बॅक लॉकची खाच. तिच्यात काळी माती भरली की पातं पूर्ण उघडल्यासारखं दिसतं, पण लॉक पुरतं बसलेलं नसतं. एकदा असं झालं, 'टक्' आवाज आला नाही म्हणून लक्षात आलं. आता चिखलात काम झालं की काडीने खाच उकरतो, आणि तो आवाज ऐकल्याशिवाय जोर लावत नाही. या चाकूने वेलीची फांदी मी कापत नाही. रोगट वेलीवरून निरोगी वेलीवर पातं जायला नको.

गेल्या छाटणीनंतर बोर्डो कालवलं तेव्हा अण्णांनी माझ्याकडून हा पिवळा चाकू मागून घेतला आणि पातं द्रावणात बुडवलं. बाहेर काढलं तर चकचकीत, तांबड्याचा मागमूस नाही. "चुना बरोबर बसला," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. शेडमधून आपला जुना चाकू आणला, पातं राखेने घासून स्वच्छ केलं, बुडवलं आणि माझ्यासमोर धरलं. टोकापासून दीड-दोन इंच तांबूस थर चढला होता. माझ्या पात्यावर तांबं धरूच शकत नाही, हे मला पोलादाचा इतका अभ्यास करूनही सुचलं नव्हतं. आणखी चुना कालवला, पुन्हा बुडवलं, तेव्हा कुठे जुनं पातं स्वच्छ निघालं.

तो चाकू आता टाकीशेजारच्या खांबाला सुतळीने बांधलेला असतो.